काटकोनात नसलेला चौक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका कमानीचा माथा बसवणं. कमान पुठ्ठ्याची होती. हजार तुकड्यांचं कोडं, स्पेनमधल्या सालामांका नावाच्या जुन्या विद्यापीठाच्या गावातल्या मोठ्या चौकाचं, आणि ते पसरलेलं होतं आयर्लंडमध्ये, लेकीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. दुपारचे तीन वाजले असतील. माझ्या हातात एक तुकडा होता. तो मी कमानीच्या माथ्यावर ठेवून बघत होतो आणि तो बसत नव्हता.

"अवो, उलटा धरलाय," बायको म्हणाली.

"गप बस. चाळीस वर्षं कमानी बसवल्यात मी."

"त्या दगडाच्या. ही पुठ्ठ्याची हाय. फिरवा."

मी फिरवला. बसला. ती हसली नाही, नुसती भुवई उडवली आणि खोक्याच्या झाकणातले पुढचे तुकडे निवडायला लागली, सुपात तांदूळ निवडतात तशी.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. घाटाच्या पायऱ्या, देवळाच्या ओवऱ्या, बंगल्यांची कुंपणं, सगळं काळ्या दगडात केलं. चौथ्या मजल्याच्या परांचीवर पाय सोडून भाकरी खाल्ली आहे. भीती कशाला म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, असं मी लोकांना सांगायचो आणि ते खरं होतं. आता नुसता फोन वाजला तरी भितो. कशामुळं, ते लिहितो.

लेक शिकायला म्हणून आयर्लंडला आली, तिथंच नोकरीला लागली आणि डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला घर घेतलं. आम्हाला बोलावून घेतलं. ईस्टरच्या सुट्टीत म्हणाली, चला, स्पेन दाखवते. त्याचा व्हिसा वेगळा. कागद गोळा करता करता ती दमली. मी म्हटलं, "एवढं करून बघायचं काय?" ती म्हणाली, "बाबा, दगड. तुम्हाला आवडेल."

आवडला. चौक म्हणजे आपल्याकडं चार रस्ते मिळतात तो. हा तसला नव्हता. चारी बाजूंनी इमारती, एकीला एक लागून, खाली सगळीकडं कमानी, कमानींच्या आत सावलीतून चालायची वाट, वर तीन मजले, आणि मधे नुसतं मोकळं दगडी अंगण. आत यायच्या वाटासुद्धा कमानींखालून. एकदा आत गेलं की गाव दिसेनासं होतं. एका बाजूला मधोमध उंच कमानी आणि वर घड्याळ. ती नगरपालिका, लेक म्हणाली. नगरपालिका असली असती तर आम्ही घरपट्टी वेळेवर भरली असती.

आणि रंग. संध्याकाळचं ऊन पडलं तेव्हा सगळा चौक हळद लावल्यासारखा झाला. मी भिंतीला हात लावला. आपला काळा दगड छिन्नीला परत उडवतो. हा तसा नाही. लेकीनं फोनवर वाचून सांगितलं, की हा दगड खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, कोरायचं ते तेव्हाच कोरून घेतात. मग वारा लागला की टणक होतो आणि सोन्यावर येतो.

"माणसाचं उलटं हाय," मी म्हटलं. "वारा लागला की ढिला पडतो."

"तुमचं तुम्ही बघा," बायको म्हणाली. "मी काय ढिली पडली न्हाई."

दोन कमानींच्या मधे, वरच्या अंगाला, गोल दगड आहेत. त्यात एकेक डोकं कोरलंय. राजे, राण्या, लढणारे, लिहिणारे. बायको मान वर करून एकेक बघत चालली होती. एका जागी थांबली. तिथला गोल कोरा होता. पुढंही काही कोरे होते.

"ह्यात कोण बसणार?"

"ज्याचा नंबर लागंल त्यो."

"मग आधी माझा," ती म्हणाली. "मी अहेव जाणार. हिरवी साडी नेसून. तुम्ही बसा मागं चहा करत."

हे ती वर्षानुवर्षं म्हणायची. नवऱ्याआधी जायचं, कपाळावर कुंकू ठेवून जायचं, असं तिच्या पिढीच्या बायका बोलायच्याच. मला ते आवडत नसे, म्हणून मी ठरलेलं उत्तर द्यायचो. तेव्हाही दिलं. "जा की. कोण धरून ठेवलंय?"

मी एका कोपऱ्यात उभा राहिलो आणि एक डोळा मिटून कमानींची ओळ बघितली. मग दुसऱ्या कोपऱ्यात गेलो. मग लेकीला म्हटलं, "हा चौक गुण्यात न्हाई." गुण्या म्हणजे कोपरा काटकोनात आहे का ते तपासायचं आमचं हत्यार. ते हातात नसलं तरी चाळीस वर्षांनी ते डोळ्यातच बसतं.

"बाबा, असं कसं असेल? इथे लोक जगभरातून बघायला येतात."

"येऊ देत की. गुण्यात न्हाई."

तिनं फोनमध्ये शोधलं. मग म्हणाली, "खरंच. चारी बाजू सारख्या नाहीयेत."

"द्या ह्यांना पदक," बायको म्हणाली, "आन् मला जेवायला."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठ बघितलं. एक घर वाटेत लागलं, त्याच्या सबंध भिंतीवर दगडी शिंपले बसवलेले. बायको मोजायला लागली आणि चुकली, परत मोजायला लागली, परत चुकली. एका मोठ्या चर्चच्या दारावर वेलबुट्टीत एक अंतराळवीर कोरलाय. अलीकडं डागडुजी करताना कुणा गवंड्यानं घातलाय म्हणे. त्या गवंड्याला भेटायला मला आवडलं असतं. पण विद्यापीठाचं दार म्हणजे सोनारानं केल्यासारखं. टीचभर जागा रिकामी नाही. त्याच्यात कुठंतरी एक बेडूक आहे, लेकीनं सांगितलं. ज्या पोराला तो कुणी न दाखवता सापडतो ते परीक्षेत पास होतं, अशी तिथली समजूत. दाराखाली पन्नास माणसं माना वर करून उभी होती.

माझ्या बायकोला तो दोन मिनिटांत सापडला.

"त्यो बघा! मेलेल्याच्या डोस्क्यावर बसलाय!"

कवटीवर बेडूक. लेकसुद्धा ओरडली. मला काही दिसेना. बायकोनं माझी हनुवटी धरून मान फिरवली, हात वर करून बोट दाखवलं. "तिकडं. खांबावर. वर. अवो वर! माझ्या बोटाच्या सरळ बघा की!"

"दिसला," मी म्हटलं.

"खोटं."

खोटंच होतं. तिनं बोट दाखवलं की मला तिचं बोटच दिसायचं. बेडूक मला अजून दिसलेला नाही.

तिथून परत चौकात येताना ती कमानीखाली एका पायरीवर बसली. म्हणाली, छातीत जरा धरलंय, पोरीला सांगू नका. लेक पुढं कॉफी आणायला गेली होती. ती आली तशी मी सांगून टाकलं. मी असाच आहे. जे आहे ते बोलतो, पोटात ठेवत नाही, आणि त्यापायी नातेवाईक थोडे आहेत. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण त्यामुळं आयर्लंडला परतल्यावर डॉक्टरला दाखवलं, तपासण्या झाल्या, आणि जिभेखाली ठेवायची गोळी आली. दुखायला लागलं की लगेच ठेवायची. लगेच म्हणजे लगेच, असं लेकीनं मला दोनदा बजावलं. गोळ्या बायकोच्या बटव्यात, आणि बटवा ती बसेल त्या खुर्चीला अडकवलेला. हा आमचा नेम.

कोडं लेकीनं त्या चौकातूनच घेतलं होतं. छातीचं कळल्यावर, आईनं घरात बसून राहावं म्हणून. मी खालची ओळ पुरी झाल्याशिवाय वरच्या ओळीला हात लावू देत नव्हतो. आधी पाया, मग भिंत. बायको म्हणायची, आभाळाला कसला पाया, आणि आभाळ भरून मोकळी व्हायची. दगड सगळा एका रंगाचा, तिथं आम्ही आठ-आठ दिवस अडकायचो.

अजून एक सांगितलं पाहिजे. त्या घरात शब्दांचं काम बायकोकडं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण शेजारीण कुंपणावरून काही म्हणाली की ही "ग्रँड, ग्रँड" म्हणायची आणि दोघी हसायच्या. आपल्याकडं ग्रँड म्हणजे थाटाचं लग्न. तिथं ग्रँड म्हणजे ठीक, बरं, चालतंय. पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. लेकीच्या तोंडातही तिथले शब्द बसले होते, आणि बायको ते आल्या दिवसापासून टिपत होती. मी टिपले नाहीत. मला कशाला? काही अडलं की मी तिला विचारायचो.

तर त्या दुपारी कमानीचा माथा बसला. ती म्हणाली, "चहा टाकते." उठली, आणि लगेच खाली बसली. तिचा चेहरा ओल्या चुन्यासारखा झाला. हात छातीवर.

मी बटवा उघडला. त्यात रुमाल होता, चष्म्याचं घर होतं, गोळ्या नव्हत्या.

लेकीचा फोटो दाबला की फोन लागतो, तेवढं मला येतं. जावई त्या आठवड्यात परगावी होता, लेक ऑफिसात. तिनं पहिल्या घंटेला उचलला.

"गोळी कुठं हाय? हिला धरलंय. बटव्यात न्हाई."

"प्रेसमध्ये! बाबा, जुनं संपलं, नवीन पाकीट आणलंय, सकाळी प्रेसमध्ये ठेवलं मी. लगेच द्या! मी ॲम्ब्युलन्स बोलावते." आणि तिनं फोन ठेवला. ठेवायलाच हवा होता, दुसरा फोन करायचा होता.

प्रेस म्हणजे इस्त्री. आमच्याकडं कपडे प्रेसला देतात, गल्लीच्या तोंडाशी प्रेसवाला असतो. सकाळी लेक इस्त्रीच्या कपड्यांची टोपली आवरत होती, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. इस्त्री वर, मागच्या खोलीत. मी जिन्याकडं निघालो.

बायकोनं हात उचलला. माझ्याकडं नाही, वर कुठंतरी. तोंडातून शब्द येत नव्हता. मला वाटलं, सोडून जाऊ नका म्हणतेय.

"आलोच," मी म्हटलं.

गुडघे माझे गेलेले. जिना चौदा पायऱ्यांचा. वर जाऊन मी टोपली पालथी केली. एकेक शर्ट झटकला, खिसे उलटे केले. त्यात बायकोची हिरवी साडी होती, शनिवारी मराठी मंडळींकडं पूजेला नेसायची म्हणून काढलेली. ती पण झटकली. इस्त्रीच्या फळीखाली बघितलं. इस्त्री उचलून तिच्या पाणी घालायच्या भोकात बोट घातलं. माणूस घाबरला की काय करतो बघा, गोळ्यांचं पाकीट इस्त्रीच्या भोकात शोधतो. मी मोठ्यानं बोलत होतो, "कुठं ठेवलंस गं, कुठं ठेवलंस." किती वेळ गेला मला माहीत नाही. पाच मिनिटं असतील. दोन असतील. हा आकडा मला कुणी सांगू शकणार नाही, आणि सांगितला तर काय, ह्याची मला भीती वाटते.

खिशात फोन वाजला.

"दिली का?"

"प्रेसमध्ये न्हाई गं! सगळे कपडे बघितले!"

मग ती किंचाळली, "बाबा, किटलीच्या वर! स्वयंपाकघरात! चहाच्या डब्याशेजारी, वरचं दार उघडा!"

स्वयंपाकघरातल्या कपाटाला तिथं प्रेस म्हणतात. बायकोला ते ठाऊक होतं. तिचा हात तिकडंच उचलला होता, ते मला खाली आल्यावर कळलं, कारण तिचं डोकं आता टेबलावर, त्या पुठ्ठ्याच्या कमानींवर टेकलं होतं आणि एक हात अजून किटलीच्या बाजूला पसरलेला होता. मी गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. जीभ माझ्या बोटाला थंड लागली.

ॲम्ब्युलन्सवाले आले, दोघं. मी मधे उभा होतो, त्यातल्या एकीनं मला हळूच बाजूला केलं आणि म्हणाली, "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड." मी सरकलो.

हॉस्पिटलात लेक आमच्या आधी पोचली होती. आम्ही खूप वेळ बसलो. त्या देशात कुणालाही काहीही विचारा, आधी ग्रँड म्हणतात. म्हणून मी त्या एका शब्दाकडं कान लावून बसलो होतो. डॉक्टर आला, खुर्ची ओढून आमच्यासमोर बसला, बराच वेळ बोलला, आणि त्याच्या बोलण्यात तो शब्द आला नाही. लेकीनं सांगायच्या आधी मला कळलं.

मग त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का. लेकीनं ते मराठीत सांगितलं.

मला एकच विचारायचं होतं. गोळी वेळेवर पडली असती तर? जन्मभर मी तोंडावर विचारत आलो. ठेकेदाराला विचारलं, पुजाऱ्याला विचारलं, सोयऱ्याला भर मांडवात विचारलं. पण तिथं माझ्या आणि डॉक्टरच्या मधे भाषा एकच होती, माझी लेक. मी विचारलं की तो प्रश्न आधी तिच्या कानात जाणार, मग तिच्या तोंडातून बाहेर पडणार, आणि उत्तरही तिच्याच तोंडून माझ्याकडं येणार. सकाळी पाकीट तिनं ठेवलेलं. शब्द तिचा.

"काही न्हाई," मी म्हटलं.

लेकीनं सांगितलं. डॉक्टरनं मान हलवली. लेक त्याच्याबरोबर कागदांसाठी आत गेली, मी बाहेर बाकावर बसलो.

घरी परतलो तेव्हा अजून उजेड होता, तिकडं उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही. गाडी दारात लागली आणि मला वरचे कपडे आठवले. सगळी खोली तशीच टाकून आलो होतो. लेकीनं बघितलं तर? इतका वेळ जे पोटात दाबलं होतं ते जमिनीवर पसरलेलं होतं. मी घाईनं जिना चढायला गेलो, पण गुडघे गेलेल्या माणसाची घाई ती काय. ती माझ्या पुढून वर गेली, चादर आणायला. मी खाली कठडा धरून उभा राहिलो. पावलं मागच्या खोलीच्या दाराशी थांबली. पुढं गेली नाहीत, मागं आली नाहीत. माझ्या छातीत असं धडधडत होतं की मला वाटलं आता माझाच नंबर. मग दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज आला. ती चादर घेऊन खाली आली आणि माझ्या खांद्यावर टाकली.

तिला कळलं की नाही, हे मला तिच्या तोंडाकडं बघून कळेना. लेकीचं तोंड मला वाचता येत नाही. ते काम पण बायकोचंच होतं.

सकाळी मी लवकर वर गेलो. कपडे होते तसेच होते. मी एकेक उचलून टोपलीत घातला. हिरव्या साडीवर माझ्या सपातीचा ठसा उमटला होता. ती घेऊन खाली आलो.

लेक स्वयंपाकघरात उभी होती. डोळे सुजलेले. टेबलावर कोडं तसंच, मधे काही तुकडे निखळून बाजूला झालेले. तिनं किटली लावली.

"बाबा, कप देता का? कपाटातले."

मी हललो नाही. त्या घरात राहायला आल्यापासून तिच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. कपाट. ती माझ्याकडं बघत नव्हती, किटलीकडं बघत होती. मी किटलीच्या वरचं दार उघडलं. चहाच्या डब्याशेजारी गोळ्यांच्या पाकिटाची जागा रिकामी होती. मी दोन कप काढले.

चहा झाला. कुणी प्यायलं नाही.

"आईला हिरवीच नेसवायची ना?" तिनं विचारलं.

"व्हय."

"दहा वाजता हॉस्पिटलात न्यायची आहे. मी इस्त्री करते."

"न्हाई. मी करतो."

ती थांबली. मग म्हणाली, "बाबा, काल तुम्ही बाहेर बसला होतात ना, तेव्हा मी डॉक्टरांना एक विचारलं."

माझे हात साडीवर होते. मी तिचा काठ चाचपायला लागलो.

"मला सांगू नगंस," मी म्हटलं.

"बाबा, ते म्हणाले..."

"पोरी, आत्ता न्हाई. हात जोडतो."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तिची आई ठेवायची तसा, आणि बाहेर जाऊन फोन करत बसली.

मी वरून फळी आणि इस्त्री खाली आणली, दोन खेपांत. भोकात पाणी घातलं. तापायला ठेवली. आधी ओल्या फडक्यानं सपातीचा ठसा पुसला, मग गिलावा घोटतात तसा हात सावकाश फिरवत गेलो, आधी मधला भाग, मग काठ. काठाला चुणी राहिलेली तिला खपायची नाही. सगळी साडी व्हायला बराच वेळ लागला. घडी घातली ती तिरकी आली. उलगडली, परत घातली.